लिंबाजी म्हणे

चष्म्याची काडी ढिली झाली होती, ती घट्ट करून घ्यायला नांदेडच्या वजिराबादेतल्या दुकानात गेलो. दुकानदारानं चष्मा माझ्या नाकावरून काढून घेतला आणि समोरचा रस्ता विरघळला. सायकली, रिक्षा, बायकांची पातळं, टँकरमागं घागरी घेऊन धावणारी माणसं, सगळ्यांचे नुसते रंगीत डाग झाले. चष्मा नसला की मला ऐकायलाही कमी येतं, असं मी एकदा वाचनालयात बोलून गेलो होतो आणि शिपायापासून सगळे हसले होते. पण खरंच तसं वाटतं मला. आज सकाळी मात्र उलट झालं. शेजारच्या कॅसेटच्या दुकानात कुणीतरी नवी कॅसेट लावली. आधी यंत्राचा एकसारखा ठेका, मग कॅसिओचे सूर, मग एका मुलीचा धुतल्यासारखा स्वच्छ आवाज. दुसऱ्या ओळीला कळलं की गाणं माझं आहे. माझं म्हणजे काय, तेच तर सांगायचं आहे. मी काउंटरची कड धरून उभा राहिलो. कडव्यामागून कडवी आली, शेवटचं कडवं आलं आणि त्या मुलीनं भर रस्त्यात माझं नाव घेतलं. लिंबाजी म्हणे. मान खाली घालून बारीक स्क्रू फिरवणारा दुकानदार म्हणाला, “बाबा, हा लिंबाजी कोन हाय हो? सकाळपासून म्हनूनच राहिलाय.” मी म्हणालो, “माहीत नाही.” त्यानं चष्मा माझ्या हातात दिला. रस्ता परत जागेवर आला. समोरच्या भिंतीवर जयंतीच्या मिरवणुकीचं पोस्टर लागलं होतं, निळ्या अक्षरांत. म्हणजे आठ दिवस राहिले. आठ दिवसांनी हेच गाणं लोह्यात भोंग्यावर लागेल आणि चांगुणा ते ऐकेल.

कॅसेटच्या कव्हरवर ‘दुष्काळाची गाणी, नव्या संचात’ असं छापलं आहे. नाटकाच्या जाहिरातीत लिहितात तसं. मूळ तबकडी त्र्याहत्तर सालची, अरुणोदय गायन पार्टीची. तेव्हा गायला केरबा होता, ढोलकीवर व्यंकटी, पेटी वाजवायला मिळेल तो, आणि कोरसला एकटी चांगुणा, जी चौघींएवढी होती. शब्द माझे. छप्पन सालानंतर आमच्या वस्तीला नवी गाणी हवी होती आणि लिहिता येणारे फार थोडे, म्हणून मी कवी झालो. याहून मोठं काही कारण त्याला नव्हतं. निजामाच्या शाळेत उर्दूत शिकलेलो. तरुणपणी मुशायऱ्यात मागच्या रांगेत, चपला ठेवतात तिथं बसून ऐकायचो. त्या शायरांची एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. गझलेच्या शेवटच्या शेरात शायर हळूच आपलं नाव गुंफायचा आणि लोक ‘वाह’ म्हणायचे. ज्याला चारचौघांत स्वतःचं नाव सांगताना घाम फुटतो त्याला ही सोय फार मोठी वाटली. आपण तोंड उघडायचं नाही, दुसऱ्यानं आपलं नाव गाऊन घ्यायचं. पुढं मराठीत लिहू लागलो तेव्हा प्रत्येक गाण्याच्या शेवटी ‘लिंबाजी म्हणे’ घालू लागलो. केरबा चिडवायचा, “लिंबाजी, तू म्हनत तर कधीच न्हाईस. म्हनतो मी. तू निसता ‘म्हणे’.”

दुष्काळात केरबाला लोह्याच्या रस्त्यावरच्या खडी केंद्रावर हजेरी कारकुनाचं काम मिळालं. सुट्टीच्या दिवशी मी सायकलवर त्याच्याकडं जायचो, पिशवीत एखादं पुस्तक असायचं. पुस्तकाशिवाय मला कुठं कसं उभं राहायचं ते कळत नाही. उन्हात मैलभर बायका ओळीनं बसलेल्या आणि हातोड्यांचा आवाज. सुरुवातीला तो नुसता गोंगाट वाटतो, मग थोड्या वेळानं त्यात आपोआप ठेका सापडतो आणि तो सापडला की डोक्यातून जात नाही. त्या ठेक्यावर एक बाई गात होती. चांगुणा. नवरा कामाच्या शोधात हैदराबादेकडं गेलेला, तो परत आलाच नाही. दुसरीत शिकणारी सिंधु नावाची मुलगी शेजारी दगडावर बसलेली. जेवणाच्या सुट्टीत सुकडी वाटली गेली, मुलगी ती पिवळी भुकटी चाटत चाटत आईच्या तळहातावरच्या फोडांवरून बोट फिरवत होती, शाळेत धडा वाचताना ओळीवरून फिरवतात तसं, आणि खोटंखोटं वाचत होती. “कमळ बघ. नमन कर.” बायका हसत होत्या. चांगुणा हसली नाही. तिनं हात तसाच पुढं धरून ठेवला आणि थोड्या वेळानं, हातोडा पुन्हा हातात घेतल्यावर, ती म्हणू लागली.

मी झाडाखाली बसून ते पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर उतरवून घेतलं. हातावर फोडांच्या वळी, लेक वाचती बोटानं. अक्षर फुटलं गं बाई, खडी फोडल्या हातानं. चार ओळी. मी तेव्हा पन्नाशीचा होतो, उर्दू-मराठीची कितीतरी पुस्तकं वाचलेली होती, आणि असल्या चार ओळी मला कधी सुचल्या नव्हत्या. हे मला तिथंच, त्याच क्षणी कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, निदान मी अडाणीपणानं केलं असं म्हणता आलं असतं. रात्रीपर्यंत मी ‘वळी’चं ‘ओळी’ केलं, ‘वाचती’चं ‘वाचिते’, ‘बोटानं’चं ‘बोटाने’. ‘फुटलं गं बाई’ काढून तिथं माझं नाव बसवलं. माझ्या गाण्याला चार कडवी झाली होती, शेवटचं सापडत नव्हतं, ते असं सापडलं.

हातावर फोडांच्या ओळी
लेक वाचिते बोटाने
लिंबाजी म्हणे, अक्षर फुटे
खडी फोडल्या हाताने

त्या कडव्यात माझं काय आहे, तर फक्त माझं नाव. ते लिहिताना मी तिच्या नावाचा विचार केलाच नाही असं नाही. केला होता. पेरांवर मात्रा मोजल्या होत्या. लिंबाजी, सहा. चांगुणा, पाच. एक मात्रा कमी पडत होती. एक मात्रा कमी पडते म्हणून मी तिचं नाव खाली ठेवलं आणि माझं उचललं. त्या वेळी माझी पक्की खात्री होती की कारण मात्रेचंच आहे.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी केरबानं ते खडी केंद्रावरच प्रथम म्हटलं. शेवटच्या कडव्याला हातोडे थांबले. चांगुणानं वर पाहिलं, माझ्याकडं, मग केरबाकडं, आणि मोठ्यानं हसून शेजारणीला म्हणाली, “अगं, हे भाऊ म्हनत्यात व्हय! मला वाटलं मीच म्हनून राहिले व्हते.” सगळ्याजणी हसल्या. मीही हसलो. हसताना माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं, ते उचलायला वाकलो आणि बराच वेळ धूळ झटकत राहिलो. त्यानंतर चौदा वर्षांत ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. केरबानं तिला पार्टीत घेतलं. हैदराबादला तबकडी काढायला गेलो तेव्हा ती पहिल्यांदा रेल्वेत बसली. माइकपासून सगळ्यात लांब तिला उभं केलं होतं, तरी तबकडीवर तिचाच आवाज पुढं येतो. ‘लिंबाजी म्हणे’ कोरसलाही होतं. केरबा एकदा म्हणायचा आणि मागून ती. तिच्याच ओळीवर तिनं माझं नाव कितीदा घेतलं असेल, जयंत्यांना, लग्नांत, नामकरणांत. लोक मला विचारायचे, “हे फोडांचं कसं सुचलं हो तुम्हाला?” मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

केरबा ऐंशी साली गेला. व्यंकटीचे हात थरथरू लागले. तबकडी झिजून झिजून नुसती खरखरायला लागली, आणि पार्टी संपली हे आम्ही कुणी कुणाला न सांगताच समजून घेतलं. मग या फेब्रुवारीत लातूरहून रेणुकादास नावाच्या गृहस्थांचं पत्र आलं. त्यांचं रेडिओ-टेपचं दुकान, वर स्टुडिओ. परत दुष्काळ पडला आहे, तुमची गाणी परत चालतील, असं त्यांनी सरळ लिहिलं होतं. गायला केरबाची पुतणी पंचशीला, संगीत शिकलेली. वाजवायला विरूपाक्ष नावाचा निलंग्याचा मुलगा, जो एकटाच सगळी वाद्यं एका कॅसिओत वाजवतो. जुन्यांपैकी कुणी असेल तर कोरसला आणा. पत्र वाचून मला जो आनंद झाला तो गाण्यांचा नव्हता. मला वाटलं, अजून एकदा ते कडवं म्हटलं जाणार आहे आणि ते म्हटलं जायच्या आधी मी तिथं हजर असणार आहे. असं किती जणांच्या वाट्याला येतं? छापलेलं पुस्तक काही आपल्यासाठी परत छापत नाहीत.

लातूरच्या एसटीत ती लोह्याला चढली. पांढरं पातळ, केसांना तेल, हातात पिशवी. खिडकीशी बसली आणि मी गाडी सुटायच्या आत सांगून टाकलं, कारण नंतर मला जमलं नसतं. “चांगुणाबाई, ह्या वेळी शेवटच्या कडव्यात तुमचं नाव घालायचं आहे.”

“माझं? कामून?”

“कडवं तुमचंच आहे.”

ती माझ्याकडं पाहत राहिली, मग खिडकीबाहेर. “रेशनकार्डावरबी धड न्हाई लिवलं भाऊ माझं नाव. चंगुना लिवलंय. आन् तुमी गान्यात घालून राहिले.”  बाहेर रानं तांबडी, उघडी, कडेला बैलगाड्यांत पिंपं. मला वाटलं तिनं विषय सोडला. अहमदपूर गेल्यावर तिनं एकदम विचारलं, “निसतं चांगुणा म्हनायचं का चांगुणाबाई?”

“बाई बसत नाही चालीत.”

“मंग निसतंच असू द्या.” तिनं पदर सारखा केला. “बरं हाय. समदे म्हातारे, म्हातारे करत्यात. निसत्या नावानं कोन हाक मारतंय आता मला? माय व्हती तवर मारायची.” आणि चाकूर येईपर्यंत ती अधूनमधून ओठ हलवत होती. काय म्हणत होती ते ऐकू येत नव्हतं, पण मला कळत होतं.

लातूरचा जिल्हा होऊन पाच वर्षं झाली तरी गाव अजून नवे कपडे घातल्यासारखं वागतं. भाड्याच्या घरांवर सरकारी कचेऱ्यांच्या पाट्या, जिकडंतिकडं ‘जिल्हा लातूर’. रेणुकादासांचा स्टुडिओ गंजगोलाईजवळ, दुकानावरच्या खोलीत, भिंतींना गोणपाटं आणि सतरंज्या ठोकलेल्या. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद. मार्चची दुपार, घामाचा आणि गोणपाटाचा वास. पंचशीला पाया पडली. तिच्या कपाळाची ठेवण केरबासारखी, ती पाहून मला गलबलून आलं आणि मी उगीच तिला परीक्षा कधी आहे ते विचारलं. चांगुणानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “केरबाची गं तू? त्यो रेडा, आन् तू केवढीशी! खातीस का न्हाई?” विरूपाक्ष हसला. त्यानं कॅसिओवर एक बटण दाबलं आणि ढोलकी सुरू झाली, कुणी न वाजवता. चांगुणा दचकून मागं सरली. “व्यंकटी कुठं बसवलाय ह्यात?” सगळे हसले. मला वाटलं, आज सगळं नीट होईल.

पहिलं गाणं होईपर्यंतच कळलं की नीट होणार नाही. पंचशीलाची पट्टी काळी चार. चांगुणाचा आवाज तिथं पोचायला जायचा आणि मधेच तुटायचा. तिसऱ्या वेळी तो असा फाटला की तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला. ते पूर्वीचं, माइकपासून लांब उभं राहूनही पुढं येणारं, आता तिच्या गळ्यात कुठंच नव्हतं. रेणुकादास वाईट माणूस नव्हे. ते अगदी हळू म्हणाले, “आजी, आत फार उकडतंय. तुम्ही बाहेर जिन्यात गारव्याला बसता का? माठ आहे तिथं.” तिला कळलं. तिनं पिशवी उचलली. दाराशी थांबून ती मला म्हणाली, आणि हे सगळ्यांदेखत म्हणाली, “नाव तेवढं नीट घ्यायला सांगा, भाऊ, पोरीला.” दार लागलं. दारावर आतून गोधडी टांगलेली होती, बाहेरचं आत येत नव्हतं आणि आतलं बाहेर जात नव्हतं.

“कुणाचं नाव?” रेणुकादास म्हणाले. मी सांगणारच होतो. तोंड उघडलंही होतं. पण त्यांनी तेवढ्यात घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “हां, ते ‘लिंबाजी म्हणे’. मी तेच बोलणार होतो. हे गाणं लांब होतंय. शेवटचं कडवं काढून टाकू. आणि ही नाव घालायची पद्धत आता जुनी झाली, लिंबाजीराव. कव्हरवर छापतोच आहे की तुमचं नाव.”

आयुष्यात मी कधी आवाज चढवला नाही. वाचनालयात तीस वर्षं काढली, तिथं चढवायचा नसतोच, पण घरीही नाही, मुलावरही नाही. त्या दिवशी चढवला. “कडवं काढायचं नाही,” मी म्हणालो, आणि माझा मलाच तो आवाज ओळखू आला नाही. “ते कडवं काढलंत तर गाणं उरत नाही. बाकीची चार काढा हवी तर. हे लोकांना पाठ आहे. तबकडीवर जसं आहे तसं, अक्षर न् अक्षर, तसंच आलं पाहिजे, नाहीतर मी परवानगी देणार नाही.”  पंचशीला म्हणाली, “काका बरोबर म्हणतात, सर. हे कडवं ऐकल्याशिवाय आमच्याकडं जेवायला उठत नाहीत लोक.” विरूपाक्षानं खांदे उडवले. रेणुकादास माझ्याकडं नवलानं पाहत होते. मग त्यांनी हात जोडले. “बरं बाबा. जसंच्या तसं. पण आता एकही बदल नको. सुरू करा.”

पंचशीलानं कानाला यंत्र लावलं आणि वहीतल्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडं पाहिलं. “जसंच्या तसं ना, काका?”

त्या प्रश्नापाशी मी गेला महिनाभर रोज उभा राहतो. तिचं बोट ‘लिंबाजी’वर होतं. मला एक शब्द बोलायचा होता. तीन अक्षरं. मी पेरांवर मोजायला लागलो. खरंच, माझा अंगठा आपोआप बोटांवर फिरायला लागला. पाच मात्रा. आणि मला वाटलं, व्यंकटी असता तर एका मात्रेसाठी थांबला असता, ढोलकीवर बोट फिरवून त्यानं जागा करून दिली असती. हे यंत्र थांबणार नाही. मग वाटलं, आत्ताच अक्षर न् अक्षर म्हणालो, आता बदला कसं म्हणू, हे लोक काय म्हणतील. मग वाटलं, भांडून भांडून माझ्यातलं बोलणंच संपलं आहे. अशी कारणं एकामागून एक आली आणि प्रत्येक कारण खरं होतं. मी म्हणालो, “हो.”

पण कारणं खरी असली तरी ती कारणं नव्हती. ते मला गाणं सुरू झाल्यावर समजलं. पंचशीला शेवटच्या कडव्यावर आली. तिनं डोळे मिटले. ‘फोडांच्या ओळी’ हे तिनं असं म्हटलं की विरूपाक्षानंही मान वर केली. आणि मग त्या नितळ, कोवळ्या, शिकलेल्या आवाजात माझं नाव आलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. सुखाचा. केरबाच्या राकट गळ्यातून ते कधी असं आलं नव्हतं. पासष्टाव्या वर्षी, गोणपाटाच्या खोलीत, मी श्वास रोखून स्वतःचं नाव ऐकत होतो आणि ते संपू नये असं मला वाटत होतं. भांडलो ते कडव्यासाठी असं मी समजत होतो. कशासाठी भांडलो ते तेव्हा कळलं. बटण बंद झालं, पंखा सुरू झाला, रेणुकादास म्हणाले, “झकास. पहिल्याच टेकला.” अजूनही वेळ होती. टेप पुसून परत घेता येते, एवढं मलाही माहीत होतं. मी रुमालानं चष्मा पुसला.

जिन्यात चांगुणा भिंतीला टेकून बसली होती. तांब्यात थोडं पाणी तिनं माझ्यासाठी झाकून ठेवलं होतं. “झालं?” तिनं विचारलं. मी म्हणालो, “झालं.” पाणी प्यायलो. “घेतलं?” ती म्हणाली. तांब्या अजून माझ्या तोंडाशी होता. मी तांब्याच्या आतच म्हणालो, “घेतलं.”

आज सहा एप्रिल. नांदेडहून लोह्याला दर अर्ध्या तासाला गाडी आहे. कॅसेट बाजारात आल्याला पंधरा दिवस झाले आणि या पंधरा दिवसांत मी दोनदा स्टँडवर गेलो, एकदा तर गाडीत बसलोही. शेजारच्यानं विचारलं, “कुठं, बाबा?” आणि मला वाटलं की हा आता सगळं विचारेल, मी उतरलो. चिठ्ठी लिहावी तर तिला वाचता येत नाही, ती सिंधुकडून वाचून घेणार. फोडांवर बोट फिरवणारी ती मुलगी आता नायगावला प्राथमिक शाळेत शिकवते. तिनं माझी चिठ्ठी आईला मोठ्यानं वाचून दाखवावी, ही कल्पना आली की मी कागद घडी करून पुस्तकात ठेवतो. कुठल्या कुठल्या पुस्तकांत ठेवले ते आता आठवतही नाही. आणि चिठ्ठीत तरी काय लिहू? कॅसेटमध्ये चूक झाली, असं लिहायला मन धजत नाही, कारण चूक झाली म्हटलं की ती आपोआप झाल्यासारखी वाटते. पण नाव राहून गेलं याहून मला जे छळतं ते नंतरचं आहे, लातूरच्या स्टँडवरचं.

चार वाजता गाडी होती. सिमेंटच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. स्टँडच्या कोरड्या नळापाशी बायका उगीचच घागरी ठेवून उभ्या होत्या. ती खुशीत होती. स्टुडिओतून बाहेर बसवल्याचं तिला काही वाटलेलं दिसत नव्हतं. “आवाज गेला माझा,” ती म्हणाली, “जाऊ द्या. पोरीचा चांगला हाय.” मग माझ्याकडं वळून, “म्हना बरं, कसं घेतलं ते.”

“मी कसं म्हणू? मला कुठं गाता येतं?”

“अवं, हितं कोन ऐकून राहिलंय तुमाला? म्हना.”

पार्टीत असताना मी कधी कोरसलाही तोंड उघडलं नव्हतं. तिथं, गाड्यांच्या घरघरीत, गुडघ्यांवर हात ठेवून मी गायलो. “चांगुणा म्हणे, अक्षर फुटे.” तिच्या नावातला मधला ‘गु’ थोडा लांबवला आणि ती एक मात्रा आपोआप भरून निघाली. काहीच अडलं नाही. भुईमुगाच्या शेंगा विकणारी बाई मान वळवून बघायला लागली. चांगुणानं पदर तोंडाला लावला. डोळे पुसले की हसू लपवलं, मी पाहिलं नाही.

“पुन्यांदा म्हना.”

मी पुन्हा म्हटलं.

“आता मला पाठ करून द्या,” ती म्हणाली. “जयंतीला सिंधुला नायगावहून बोलवून घेते. समद्या आळीला भोंग्यापुढं आनून बसवते. नाव आलं की मी उभी ऱ्हाऊन भोंग्यासंगं म्हननार हाय. तवा चुकून चालनार न्हाई. हसतील लोकं.”

मी तिला सांगायला हवं होतं. त्या क्षणी ते जितकं सोपं होतं तितकं त्याआधी कधी नव्हतं आणि पुढं कधी असणार नाही. मी म्हणालो, “म्हणा माझ्यामागं.” पहिल्या खेपेला सवयीनं तिच्या तोंडून ‘लिंबाजी म्हणे’ आलं. तिनं जीभ चावली. “अगं बाई! चौदा वर्सं तेच बसलंय तोंडात.” मी म्हणालो, “लिंबाजी नाही. चांगुणा.” दुसऱ्या खेपेला ती ‘गु’ लांबवायला विसरली, तो मी तिला लांबवायला शिकवला, बोटानं हवेत ताल धरून. तिसऱ्या खेपेला तिनं न चुकता म्हटलं, हलक्या, फाटक्या आवाजात, मान ताठ करून. नांदेडची गाडी फलाटाला लागत होती.

“बरूबर?” तिनं विचारलं.

“बरोबर,” मी म्हणालो.